भडंगाच्या डब्यापासून गावकुसापर्यंत

सांगलीचं भडंग घरी आणलं की पहिल्या दिवशी ते सगळीकडे सारखं लागतं. प्रत्येक मुठीत कुरमुरे, शेंगदाणे, तळलेला लसूण, तिखट-मीठ सगळं बेतानं येतं. मग आठवडाभर तोच डबा फळीवरून काढला जातो, हलवला जातो, परत ठेवला जातो. आठवड्याच्या शेवटी वर नुसते फिके कुरमुरे उरतात, शेंगदाणे निम्म्याच्या खाली उतरलेले असतात आणि तळाला तिखट-मिठाचा लाल थर जमलेला असतो. घरातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं, म्हणून ते वरचं सोडून हात खोल घालतं. डब्यात निवडायला कोणीच बसलं नव्हतं. मग हे वेगळं केलं कुणी?

हाच प्रश्न आणखी बऱ्याच ठिकाणी विचारता येतो. हळदीच्या खळ्यावर, घंटागाडीच्या मागे, साथीच्या दिवसांत, पेशीच्या आत आणि गावाच्या नकाशातही काही गोष्टी वेगळ्या होतात, केल्या जातात किंवा ठेवल्या जातात. हे सगळे प्रकार एकसारखेच आहेत असं मानणारी माणसं आपल्याला भेटतात. ‘निसर्गातसुद्धा सगळं आपापल्या जागी वेगळं राहतं, मग माणसांनी राहिलं तर काय बिघडलं?’ असं ती अगदी सहज बोलून जातात. या वाक्याला उत्तर द्यायचं तर प्रत्येक ठिकाणी वेगळेपणाची यंत्रणा कशी चालते, हे उघडून पाहावं लागतं. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांबाहेर फारसं जाण्याची गरज नाही.

डबा हलतो तेव्हा

डबा हलला की आतले दाणे क्षणभर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये फटी पडतात. बारीक फटी सतत पडत असतात, मोठ्या क्वचित पडतात. मिठाच्या कणाला खाली सरकायला एवढीशी फट पुरते. कुरमुऱ्याला त्याच्या मापाची जागा मिळेपर्यंत ती बारीक कणांनी भरून गेलेली असते. प्रत्येक हिसक्याला बारीक कण थोडे खाली उतरतात आणि मोठ्यांना वर उचलून धरतात. शेंगदाण्याचं कारण थोडं वेगळं आहे. आकारानं तो कुरमुऱ्याहून फार लहान नसतो, पण पुष्कळ जड असतो, आणि हलके कुरमुरे बाजूला सारत तो खाली जातो.

पाश्चात्त्य देशांत मिश्र सुक्यामेव्याच्या डब्यात ब्राझील नट हे सगळ्यांत मोठं फळ नेहमी वर आलेलं दिसतं. १९८७ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकावर असे दाणे हलवून पाहिले आणि या कोड्याची उकल मांडली. पुढच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. हलणाऱ्या भांड्याच्या मधले दाणे हळूहळू वर चढतात आणि कडेच्या अरुंद पट्ट्यातून खाली येतात. मोठा दाणा मधून वर येतो, पण कडेच्या पट्ट्यात मावत नाही, आणि वरच अडकून राहतो.

घराचा स्लॅब टाकताना हाच प्रकार त्रासाचा ठरतो. काँक्रीट फार उंचावरून ओतलं किंवा व्हायब्रेटर गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवला की खडी खाली बसते आणि सिमेंटचं पाणी वर येतं. साचा काढल्यावर तिथं पोकळ्या दिसतात आणि काही वर्षांत आतली सळई गंजू लागते. म्हणूनच आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकात काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये असं सांगितलं आहे.

शेतकरी मात्र वेगळेपण मुद्दाम घडवतो, आणि त्यामागे त्याचं कारण असतं. हळद काढल्यावर जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडं आणि सोरा गड्डे निरनिराळे केले जातात. जाड गड्ड्याला शिजायला जास्त वेळ लागतो. सगळं एकाच कढईत घातलं तर हळकुंडाचा गाळ होतो किंवा गड्डा कच्चा राहतो. तासगावच्या बाजारात जाणारा बेदाणासुद्धा आधी चाळण्यांवरून जातो आणि मग रंगावरून निवडला जातो, कारण भाव प्रतीवर ठरतो.

या सगळ्या उदाहरणांत दोन गोष्टी समान आहेत. वेगळ्या होणाऱ्या वस्तूंमध्ये आकार, वजन किंवा रंग असा मोजता येणारा खरा फरक असतो. आणि कुठून तरी ऊर्जा येते, मग ती डब्याला बसणारा हिसका असो, व्हायब्रेटरची मोटर असो की निवडणाऱ्या बाईचे हात.

कराड, विटा, पाचगणी

मिसळणं फुकट होतं, निवडायला मात्र कष्ट पडतात. घरातल्या कचऱ्याइतकं हे कुठेच उघड दिसत नाही. आमटीचं उरलेलं पाणी वर्तमानपत्रावर सांडलं की त्या कागदाचा लगदा करून पुन्हा कागद बनवणं जवळपास अशक्य होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत खरकटं बांधून टाकलं की पिशवीही वाया जाते आणि खरकटंही. भडंगातले दाणे हलवून वेगळे होतात, कारण त्यांच्यात फक्त आकाराचा आणि वजनाचा फरक असतो. कचऱ्यात ओलं आणि सुकं एकमेकांना चिकटतं, कुजतं, एकमेकांचे गुणधर्म बदलून टाकतं. मग गाडीवर किंवा डेपोवर कितीही यंत्रं लावली तरी स्वयंपाकघरात दोन क्षणांत झालं असतं ते काम तिथं होत नाही.

मिसळलेला कचरा ढिगात दाबला गेला की आतल्या ओल्या भागाला हवा मिळत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा मिथेन वायू करतात. तापमानवाढीत मिथेनचा वाटा मोठा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. डेपोला लागणारी आग आणि त्याचा दिवसेंदिवस न विझणारा धूर यांचं एक मोठं कारणही हेच असतं. तोच ओला कचरा वेगळा ठेवून हवेशीर कुजवला की खत होतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे घरातच तीन भाग करणं बंधनकारक केलं. कागदावरचा नियम प्रत्यक्षात आणणं सोपं नसतं, पण या दोन जिल्ह्यांनी ते करून दाखवलं आहे. देशभरच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० साली कराड पहिलं आलं, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी. सलग तीन वर्षं पहिला क्रमांक सातारा-सांगलीत राहिला. मला ही बातमी पुरस्कारापेक्षा मोठी वाटते. हजारो घरांनी रोज सकाळी दोन बादल्या वेगळ्या ठेवल्या, तेव्हा ती घडली.

माळावरच्या झोपड्या

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षभरात तो दख्खनभर पसरला. सरकारनं १८९७ चा साथरोग कायदा केला. रोग्यांना घरातून उचलून छावण्यांत नेलं जाऊ लागलं आणि त्यांच्या संपर्कातल्यांना वेगळ्या छावणीत ठेवलं जाऊ लागलं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगानं १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

तेव्हा प्लेग पसरतो कसा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा थेट जात नाही. म्हणजे माणसापासून माणूस तोडण्याचा जो आटापिटा चालला होता, त्याचा नेम बराचसा चुकलेला होता. गावकऱ्यांनी मात्र एक उपाय अनुभवानं शोधला. उंदीर मरायला लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या बांधून राहायचं. उंदीर, त्यांची बिळं आणि पिसवा मागे राहायच्या. आपल्या पणजोबा-पणजींच्या आठवणींत हे माळावरचं राहणं अजून सापडतं. इथं वेगळं होणं उपयोगी पडलं, कारण नेमक्या कारणापासून अंतर राखलं गेलं. साथ सरली की माणसं घरी परतायची.

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना कोरोना झाल्याचं निदान झालं, आणि थोड्याच दिवसांत बाधितांची संख्या पंचविसाच्या आसपास गेली. प्रशासनानं त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढला आणि त्यांना वेगळं ठेवलं, तो भाग बंद केला. साखळी तिथं तुटली. हा विषाणू श्वासातून पसरतो आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त सुमारे चौदा दिवस जातात. त्यामुळे चौदा दिवसांच्या अंतराला अर्थ होता. पंधराव्या दिवशी तोच माणूस पुन्हा शेजारी होता.

कुष्ठरोगाचं मात्र दुःखद झालं. हा रोग जिवाणूमुळे होतो हे १८७३ पासून माहीत आहे. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, आणि तो सुरू झाल्यावर रुग्ण लवकरच संसर्ग पसरवेनासा होतो. मिरजेच्या कुष्ठरोग रुग्णालयासारख्या ठिकाणी माणसं बरी होत राहिली, पण घरची दारं त्यांना उघडली गेली नाहीत. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण २०१९ पर्यंत आपल्या विवाहकायद्यांत होतं. रोग संसर्गजन्य उरला नाही, तरी वेगळेपणा टिकून राहिला.

चौकट: वेगळं ठेवण्याआधी
• फरक कोणता आहे? तो मोजता किंवा तपासता येतो का?
• त्या फरकामुळे खरोखर धोका किंवा तोटा होतो का? हळद कच्ची राहील, रोग पसरेल, खत होणार नाही, असं काही?
• वेगळं ठेवण्याची मुदत किती? मुदत संपल्यावर एकत्र येण्याची वाट कोणती?
• हे कोण ठरवतं, आणि ज्याला वेगळं ठेवलं त्याला त्याबद्दल काही बोलता येतं का?

उसाचं कांडं आणि मक्याचं बी

वाळवा किंवा कराड तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा. को ८६०३२ ऊस लावायचा तर तो कांडीचा डोळा लावतो. द्राक्षाची तास-ए-गणेश जात हवी तर खुंटावर कलम करतो. महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला धावत्या फुटव्यांपासून रोपं करतो. बी पेरून यांतलं काहीही सहसा केलं जात नाही. तोच शेतकरी संकरित मक्याचं बी मात्र दरवर्षी दुकानातून नवं आणतो. घरच्या संकरित कणसाचे दाणे पेरले तर शेतात एक ताट उंच, एक खुजं, एक लवकर तुऱ्यावर येणारं, एक उशिरा, असा सगळा गोंधळ उगवतो. या साऱ्याचं मूळ एकाच नियमात आहे.

तो नियम ब्रनो शहरातल्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलनं १८६५ साली व्याख्यानांतून मांडला आणि १८६६ साली छापला. त्यानं वाटाण्याच्या गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुत्या नाहीशा झाल्या असं वाटलं. मग त्यानं याच पिढीची झाडं आपसात फळू दिली. पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे साधारण तीनास एक.

मेंडेलनं याचा अर्थ असा लावला. प्रत्येक गुणासाठी झाडाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. आज आपण त्यांना जनुकं म्हणतो. परागकण किंवा बीजांड तयार होताना ही जोडी फुटते आणि प्रत्येकात दोहोंपैकी एकच घटक जातो. गोल आणि सुरकुतलेला असे दोन घटक असलेल्या झाडाचे अर्धे परागकण एक घटक नेतात, अर्धे दुसरा. बीजांडांचंही तेच. दोन्हीकडून सुरकुतलेला घटक येण्याची शक्यता चारात एक. बाकी तिघांत निदान एक गोल घटक असतो आणि तो दुसऱ्याला झाकून टाकतो. या फुटण्यालाच विभक्तीकरणाचा नियम म्हणतात. पेशीच्या पातळीवर तो अर्धगुणसूत्री विभाजनात घडतो. त्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या मधोमध येऊन उभ्या राहतात आणि दोन टोकांकडे ओढल्या जातात.

संकरित मक्याच्या पहिल्या पिढीतल्या सगळ्या ताटांकडे सारख्याच जोड्या असतात, म्हणून शेत एकसारखं दिसतं. पुढच्या पिढीत त्या जोड्या फुटतात आणि नव्यानं जुळतात. उसाच्या डोळ्यातून वाढलेल्या रोपात हे फुटणं होतच नाही, म्हणून को ८६०३२ पिढ्यान् पिढ्या को ८६०३२ च राहतो.

मला या नियमातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मेंडेलच्या आधी लोक समजत की आईवडिलांचे गुण मुलात दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात आणि पातळ होतात. ‘रक्त भ्रष्ट होतं’ या समजुतीचा पायाही तोच. मेंडेलच्या वाटाण्यानं तो पाया उखडला. सुरकुतलेला घटक एक अख्खी पिढी गोल घटकाच्या शेजारी राहिला, आणि बाहेर आला तेव्हा जसाच्या तसा होता. शेजाऱ्यानं त्याला बिघडवलं नव्हतं आणि त्यानंही शेजाऱ्याला विटाळलं नव्हतं. शिवाय कोणता घटक कुठे जाणार हे निव्वळ योगायोग ठरवतो. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्या नुसत्या वाटल्या गेल्या तरी एका व्यक्तीच्या जननपेशींत ८३ लाखांहून जास्त निरनिराळे संच बनू शकतात. निसर्गातलं हे वेगळं होणं पुन्हा नव्यानं एकत्र येण्यासाठीच असतं.

मेंडेल १८८४ साली वारला. त्याचं काम दुर्लक्षित राहिलं, आणि १९०० साली ह्युगो द व्हरीस, कार्ल कोरेन्स आणि एरिख फॉन चेर्माक यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

साताऱ्याची शाळा, १९००

त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या राजवाडा भागातल्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचं नाव लागलं. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र सरकारनं २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला.

त्या शाळेत काय घडत होतं ते डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवलं आहे. वर्गात मुलं हुशारीच्या क्रमानं बसत, पण त्यांना एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला तरटाचा तुकडा स्वतःचा असायचा. शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नसे, त्यामुळे तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नव्हता. शिपायानं नळ सोडला तर पाणी मिळायचं. तो जागेवर नसला तर दिवसभर तहानलेलं राहावं लागे. साताऱ्यात न्हावी होते, पण कोणी त्यांचे केस कापायला तयार नव्हता. घरात थोरली बहीण भावांचे केस कापायची.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते रोखपाल होते. भिवा, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं देण्याच्या बोलीवर एकजण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि त्यानं पायी चालायचं या अटीवर. सोबत शिदोरी होती, पण रात्रभर पाणी मिळालं नाही, म्हणून ती शिदोरीही खाता आली नाही.

आता चौकटीतले प्रश्न इथं लावून पाहा. मोजता येणारा फरक कोणता? मुलांचे कपडे नीटनेटके होते, त्यांच्याकडे पैसे होते. बोलण्या-वागण्यावरून गाडीवानांना काहीच कळलं नव्हतं. विचारल्यावर जात कळली, तेव्हाच ते मागे सरले. धोका कोणता? काहीच नाही. मुदत? जन्मापासून मरणापर्यंत, आणि नंतर मुलाबाळांना. डब्यातल्या मिठाचा कण लहान होता म्हणून खाली गेला. त्या वर्गात कोपऱ्यात बसवलेल्या मुलात असं काहीच नव्हतं. तिथं सगळी ऊर्जा माणसांनी पुरवली होती. तरट उचलायला नकार देणारा, नळ सोडणारा, गाडीला हात लावू न देणारा, असे सगळे मिळून ती रोज पुरवत होते.

दार बंद करण्याची यंत्रणा

या मुलानं पुढे जातीची यंत्रणा शास्त्रीय पद्धतीनं उलगडून दाखवली. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जातीचा गाभा म्हणजे बेटीबंदी, म्हणजे लग्नं फक्त गटाच्या आत. गटाची दारं बंद ठेवायची तर आतल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. पण नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. विधवा मागे राहिली तर ती गटाबाहेर लग्न करेल किंवा गटातल्या एका कुमारिकेचा नवरा घेईल. ही ‘जास्तीची’ स्त्री हिशेबातून काढण्यासाठी सती आणि सक्तीचं वैधव्य आलं. विधुराला नवरी मिळावी म्हणून लग्नाच्या वयाआधीच्या मुलींकडे वळलं गेलं, आणि बालविवाह आला. एका गटानं दारं लावली, इतरांनी त्याचं अनुकरण केलं, आणि उरलेल्यांना आपण बाहेर राहिल्याचं कळलं.

शंभर वर्षांनी जनुकशास्त्रानं या चित्राला पुरावा जोडला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या अनेक समाजगटांची जनुकं तपासली गेली. त्यातून असं दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले वेगवेगळे लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर गटाबाहेरची लग्नं फार घटली. आज स्वतःला अगदी निराळे समजणारे गट त्या जुन्या मिसळीतूनच आले आहेत.

बंद दारांची किंमतही जनुकांतच मोजावी लागते. काही आजार तेव्हाच होतात जेव्हा मुलाला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष घटक मिळतो. एकच मिळाला तर माणूस ठणठणीत असतो, आणि तो घटक लपून राहतो. गट लहान आणि बंद असेल तर एकच सदोष घटक दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. दोघांकडे तोच लपलेला घटक असला तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. हा मेंडेलचा तीनास एक हिशेबच आहे. अशा घरांत लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

थोडीशी आवड, मोठी दरी

शहरात गावकूस नसतं. तरी वस्त्या जातीधर्माप्रमाणे वाटल्या गेलेल्या दिसतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली याचं एक साधं प्रारूप मांडलं. बुद्धिबळासारख्या पटावर दोन प्रकारची नाणी इतस्ततः ठेवा आणि काही घरं रिकामी सोडा. प्रत्येक नाण्याची अट एवढीच की शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्या प्रकारचे असावेत. अट मोडली की ते रिकाम्या घरात सरकतं. अशा चाली खेळत गेलं की पट एकेका प्रकारच्या सलग पट्ट्यांत फाटत जातो, आणि शेजाऱ्यांत आपल्याच प्रकारचे साधारण ७० टक्के होतात. एवढी फाळणी कुणालाच नको होती, तरी ती झाली. पुढे शेलिंग यांना २००५ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

या प्रारूपाचा आधार घेऊन ‘हे आपोआप होतं, दोष कुणाचा नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. पटावरचं नाणं हवं तिकडे जाऊ शकतं. भाड्यानं घर शोधणाऱ्याला आडनाव विचारून नकार मिळतो, तेव्हा त्याच्यासाठी ते घर रिकामं नसतंच.

एका पंगतीतलं बोर्डिंग

जी ऊर्जा वेगळं करायला लागते तीच एकत्र आणायलाही लावता येते, हे साताऱ्यानंच दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहत, एका स्वयंपाकघरात रांधलेलं एका पंगतीत जेवत आणि सगळी कामं वाटून करत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. ज्या शहरात पाव शतकापूर्वी एका मुलाला नळाला हात लावता येत नव्हता, त्याच शहरात हे घडलं. रोज दोन वेळा, एकाच भांड्यातलं वाढून.

पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदानं अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्यानं ती पाळणं गुन्हा ठरवलं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जातीनुसार स्मशानं वेगळी आहेत, आणि वेगळ्या दहनभूमीवर शेड किंवा रस्ता नसल्यानं पावसाळ्यात मृतदेह घेऊन ताटकळणारी माणसं आहेत.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. आपल्या गावात स्मशानभूमी किती आहेत आणि कुणाकुणाच्या? आणि वस्तीचं जुनं नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरातून खरंच निघालं आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर सगळ्यांसाठी एकच स्मशानभूमी असावी असा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. ठराव मांडायला गावातल्या मतदारयादीत नाव असणं पुरेसं आहे.